वेब टेक्नॉलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी कशी बसवली, माझा अनुभव

मी एका स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजात आयटीच्या दुसऱ्या वर्षाला वेब टेक्नॉलॉजी शिकवते. स्वायत्त आहे म्हणून सिलॅबसमध्ये थोडीफार हालचाल करता येते, पण थोडीफारच, कारण क्रेडिट मोजून मिळतात आणि नवीन काही घालायचं तर जुनं काय काढताय ते आधी सांगा असं बोर्ड ऑफ स्टडीजमध्ये सरळ विचारतात. इन्क्लुझिव्ह डिझाइन, म्हणजे दिव्यांगांसकट सगळ्यांना वापरता येईल अशी रचना (अ‍ॅक्सेसिबिलिटी त्याचाच भाग), शिकवायचंय म्हटल्यावर बऱ्याच जणांनी सुचवलं की वेगळं इलेक्टिव्ह काढा, नाहीतर ३ डिसेंबरला दिव्यांग दिनाला एक गेस्ट लेक्चर ठेवा. मला दोन्ही नको होतं. इलेक्टिव्हला ज्यांना आधीपासून कळकळ आहे तीच चार पोरं येणार आणि गेस्ट लेक्चरला सगळे येणार, टाळ्या वाजवणार, फोटो काढणार आणि दुसऱ्या दिवशी परत तोच माउसशिवाय न चालणारा फॉर्म बनवणार. मला ते प्रत्येकाच्या मार्कांमध्ये हवं होतं, म्हणजे जे प्रॅक्टिकल मुलं तसंही करतातच त्याच्याच आत.

म्हणून प्रस्ताव लहान ठेवला. नवीन युनिट नाही, नवीन क्रेडिट नाही, फक्त फॉर्मचं, टेबलचं आणि मिनी प्रोजेक्टचं प्रॅक्टिकल तपासायची पद्धत बदलायची. तरी मीटिंगमध्ये प्रश्न आलाच की याची इंडस्ट्रीत गरज काय. त्याची तयारी करून गेले होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम ४७ प्रिंट काढून नेलं होतं, त्यात स्पष्ट लिहिलंय की शिक्षक, डॉक्टर, नर्स, अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर इंजिनिअर आणि आर्किटेक्टच्या अभ्यासक्रमातही दिव्यांगत्व हा घटक आला पाहिजे. आपल्याच बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) आयसीटी अ‍ॅक्सेसिबिलिटीचं स्टँडर्ड आहे, आयएस १७८०२, तेही दाखवलं. हे बघून चर्चेचा सूरच बदलला, कारण आता ते माझं वैयक्तिक वेड राहिलं नाही, करायचं राहून गेलेलं काम झालं. शिवाय सीओ-पीओ मॅपिंग, म्हणजे विषयाची उद्दिष्टं (सीओ) पदवीच्या उद्दिष्टांशी (पीओ) जोडून दाखवायचं काम, करताना समाजाशी संबंधित पीओसाठी दरवर्षी जी ओढाताण होते ती इथे आपोआप सुटत होती, आणि खरं सांगायचं तर विभागप्रमुख सरांना तोच मुद्दा सगळ्यात जास्त पटला. चालेल, मंजुरी मिळाली ना.

पहिल्या तासाला व्याख्या वगैरे सांगत नाही. केवायसीची केस सांगते. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून बँकेत खातं उघडायला गेल्या, तिथे जिवंत माणूसच आहे हे तपासायला कॅमेऱ्यासमोर पापण्या मिचकवा म्हणून सांगितलं, आणि त्यांना पापण्या मिटताच येत नव्हत्या. त्यांची याचिका आणि अमर जैन या दृष्टिहीन वकिलांची याचिका यावर सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२५ ला निकाल दिला, डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे म्हणून, आणि केवायसी सगळ्यांना वापरता येईल असं करायचे निर्देश दिले. मुलांना हे लगेच पोचतं, कारण केवायसी प्रत्येकाने केलेलं असतं. मग मी विचारते की ती पापणीची अट कोडमध्ये कोणी लिहिली? तुमच्यासारख्याच कुणीतरी ना, आणि लिहिताना त्याच्या डोळ्यापुढे एकाच प्रकारचा चेहरा होता. वर्ग शांत होतो.

आता लॅब. इथे वेळ गेला तो तंत्रापेक्षा बारक्या गोष्टींत. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणून आम्ही एनव्हीडीए घेतलं, २००६ मध्ये मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन मित्रांनी सुरू केलेलं, पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स. लॅबच्या मशीनवर इन्स्टॉल करायला अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो आणि तो मिळवायचा म्हणजे अर्ज, सही, पुन्हा अर्ज. पण एनव्हीडीएची पोर्टेबल कॉपी पेन ड्राइव्हवरून चालते, त्याला अ‍ॅडमिनची गरज नाही, हे कळल्यावर तो विषयच संपला. हेडफोन मात्र प्रत्येकाला आणायला सांगा, सगळी लॅब एकदम बोलायला लागली की काही ऐकू येत नाही. आणि प्रोजेक्टरवर दाखवताना स्पीच व्ह्यूअर चालू ठेवायचा, जे बोललं जातं ते अक्षरांत दिसतं आणि कमी ऐकू येणारा विद्यार्थी बॅचमध्ये असेल तर तोही मागे राहत नाही.

फॉर्मचं प्रॅक्टिकल असं घेते. शिष्यवृत्तीचा अर्ज बनवायचा, नाव, जन्मतारीख, उत्पन्न, कागदपत्र अपलोड, सबमिट. झाला की शेजाऱ्याबरोबर जागा बदलायची, मॉनिटरचं बटण बंद करायचं, माउस उलटा ठेवायचा आणि शेजाऱ्याचा अर्ज भरून दाखवायचा. पहिल्याच रकान्यात कानावर येतं, "एडिट, ब्लँक". पुढच्यात पण "एडिट, ब्लँक". मुलगी म्हणते मॅडम काय लिहायचं हेच सांगत नाहीये. मॉनिटर चालू केला तर रकान्याच्या डावीकडे छान ठळक अक्षरात नाव, आडनाव सगळं लिहिलेलं, पण ते नुसता मजकूर म्हणून, लेबलचा टॅग वापरून रकान्याच्या आयडीला जोडलेलंच नाही. डोळ्याला शेजारी दिसतं म्हणून आपण जोडून घेतो, स्क्रीन रीडरला कोडमध्ये जोडावं लागतं. एक ओळ लिहिली, परत ऐकलं, "नाव, एडिट". तो फरक कानाने ऐकल्यावर मला फळ्यावर काही लिहावं लागत नाही. चुकांच्या सूचनेचंही तसंच. रकाना लाल झाला एवढीच सूचना असेल तर ज्याला लाल रंग नीट ओळखता येत नाही त्याला काय कळणार, आणि ज्याला दिसतच नाही त्याला तर काहीच नाही. चूक काय झाली ते शब्दांत लिहायचं, रकान्याला जोडायचं, आणि ते ऐकू पण यायला पाहिजे.

मराठीचा भाग मी मुद्दाम जास्त घेते कारण बाहेरच्या ट्युटोरियलमध्ये तो मिळत नाही. पान मराठी आहे हे लँग अ‍ॅट्रिब्यूटमध्ये एमआर लिहून सांगायचं. ते नसलं आणि इंग्रजी आवाज चालू असला की मराठी मजकूर एकतर गाळला जातो नाहीतर भलतंच काहीतरी ऐकू येतं, खरं तर एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ई-स्पीक या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आहे, जरा यांत्रिक वाटतं पण समजतं. दुसरं म्हणजे लाइन हाइट, ओळीची उंची. इंग्रजीच्या हिशोबाने घट्ट ठेवलेल्या ओळीत आपल्या वेलांट्या, मात्रा आणि रफार वरून कापले जातात आणि अक्षर मोठं केलं की अजूनच, म्हणून २०० टक्के झूम करून बघितल्याशिवाय सही करत नाही. तिसरं, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधली पीडीएफ. स्क्रीनवर झकास मराठी दिसते आणि कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकली की इंग्रजी अक्षरांचा कचरा, तोच कचरा स्क्रीन रीडर वाचतो. आपल्याकडच्या किती नोटिसा अशा असतात हे मुलं स्वतःच शोधून आणतात.

तपासणीची टूल्स पण शिकवते, लाइटहाउस, वेव्ह, अ‍ॅक्स. पण त्यांच्या स्कोअरवर मार्क देत नाही. एका ग्रुपचा स्कोअर पूर्ण १०० होता आणि फोटोंचे ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारे कोडमधले शब्द, होते "इमेज १", "इमेज २". टूलला फक्त ऑल्ट आहे की नाही ते कळतं, त्याला अर्थ आहे की नाही ते माणसानेच ठरवायचं. तरी टूलची पायरी वगळायची नाही. अमेरिकेतली वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख होमपेज अशाच टूलने तपासते आणि २०२५ मध्ये ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या, सगळ्यात जास्त फिक्या अक्षरांच्या. साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट पाहिजे हा डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा, नियम पाळायला काही अवघड नाही, पांढऱ्यावर फिकट करडं लिहायची फॅशन तेवढी सोडावी लागते.

मिनी प्रोजेक्टच्या वेळी मात्र खऱ्या वापरणाऱ्यालाच बोलवायचं ठरवलं. आमच्या गावात बँकेत नोकरी करणारे एक दृष्टिहीन गृहस्थ आहेत, ते तयार झाले. त्यांना मानधन द्यायचंच यावर मी अडून बसले. अकाउंट्समध्ये युजर टेस्टिंग असा हेडच नाही, शेवटी एक्स्पर्ट लेक्चरच्या हेडमध्ये बसवलं. फुकट बोलवू नका हे माझं सगळ्या शिक्षकांना कळकळीचं सांगणं आहे, ते येतात ते तज्ज्ञ म्हणून येतात, आपल्यावर उपकार करायला किंवा प्रेरणा द्यायला नाही. मुलांना आधीच बजावलं होतं की सर वापरत असताना मध्ये बोलायचं नाही, "तिथे नाही सर, खाली बघा" तर अजिबात नाही. ते ज्या वेगाने स्क्रीन रीडर ऐकतात तो आवाज मुलांना आधी समजलाच नाही. एका ग्रुपचा फॉर्म त्यांनी भराभर भरला, टॅब दाबला, आणि शेवटच्या रकान्यानंतर फोकस थेट ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस बारवर गेला. ते म्हणाले, "फॉर्म तर भरून झाला, आता पाठवू कुठून?" सबमिट होतं, दिसायला सुंदर होतं, पण ते डिव्ह, म्हणजे कोडमधला नुसता चौकोनी कप्पा, होतं, बटण नव्हतंच. बाणाच्या कीने मागे येत त्यांनी ते शोधून काढलं, पण बटण म्हणून ते ऐकू येत नव्हतं. त्या ग्रुपच्या मुलाने तिथल्या तिथे डिव्ह काढून बटण टाकलं, स्टायलिंग तेच ठेवलं, आणि सरांनी परत भरून पाठवला. त्यानंतर त्या बॅचमध्ये मला डिव्हचं बटण परत दिसलं नाही.

परीक्षेचं सांगायचं राहिलं. ओरलला बाहेरचे परीक्षक येतात, त्यांना हे माहीत असेलच असं नाही, आणि त्यांनी विचारलंच नाही तर मुलं पुढच्या वर्षी करणार नाहीत. त्यामुळे २५ मार्कांच्या प्रॅक्टिकलमधले ५ मार्क कशाचे हे जर्नलच्या पानावरच छापून घेतलंय, कीबोर्डवरून सगळं चालतं का, लेबलं, ऑल्ट टेक्स्ट, चुकांच्या सूचना आणि भाषा व झूम, प्रत्येकाला एक. परीक्षक ते पान वाचून प्रश्न विचारतात, काही जण मला बाजूला घेऊन ही मार्कांची यादी, म्हणजे रुब्रिक, मागून नेतात.

आता मोबाइल अ‍ॅपच्या विषयात टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनचा स्क्रीन रीडर, आणायचं काम चाललंय, तो विषय दुसऱ्या मॅडमकडे आहे आणि त्या तयार आहेत, फक्त मुलांचे फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे असल्यामुळे सेटिंग कुठे सापडतं यावर एक पान करून द्यावं लागणार आहे. जर्नलचं रुब्रिक मराठी आणि इंग्रजी दोन्हीत आहे, कुणाला आपल्या कॉलेजात वापरायचं असेल तर खुशाल मागा.