बर्फातलं नाव

२५ जून, दुपार

मनूला काही विचारायचं नाही, असं सकाळपासून स्वतःला बजावते आहे. विचारलं की ती 'आई, प्लीज' म्हणणार, आणि ते 'प्लीज' आज मला झेपणार नाही. वीज गेली आहे, बाहेर पाऊस कोसळतोय, आई, म्हणजे माझ्या सासूबाई, झोपल्या आहेत. म्हणून वही काढली.

मेच्या अखेरीला, ट्रॉलर बंद व्हायच्या आधी, बांगडे साफ करून पाकिटं भरून ठेवायची माझी दर वर्षीची सवय. आज एक पाकीट ओढलं आणि मागून वाटी घरंगळत आली. मसाल्याच्या डब्यातली, मी शोधत होते तीच. आत काठोकाठ बर्फ, आणि बर्फात कागदाची घडी. बर्फ मध्यभागी धुरकट झालाय, वरून काही वाचता येत नाही. खिडकीशी नेऊन तिरपी धरली तेव्हा घडीच्या टोकाला निळ्या जेलपेनचं एक अक्षर दिसलं. इंग्रजी 'ए'. नावाचं शेवटचं अक्षर असणार.

माझं नाव 'ए'वर संपतं.

होती तिथे ठेवून दिली. पुढे बांगडे लावले.

हा प्रकार काय आहे ते मला ठाऊक आहे, कारण तिनेच सांगितलं होतं. पहिल्या पावसात भजी तळत होते तेव्हा ती ओट्यावर चढून बसली होती, जुन्या दिवसांसारखी. जो माणूस फार बोलतो, पाठीमागे बोलतो, त्याचं नाव कागदावर लिहायचं, पाण्यात बुडवायचं आणि फ्रीझरमध्ये सारायचं. जीभ गोठते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे घरगुती तोडगे असतात, हूडू म्हणतात, त्यात हे आहे म्हणे. तिकडे पक्कं काम हवं असेल तर गुराच्या जिभेला चीर पाडून नाव तिच्यात सारतात आणि जीभ बांधून गोठवतात. गोव्यात तीही मिळायला अडचण नाही, शेजारच्या फिलूमायच्या घरी फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, खारवलेली जीभ असतेच. मनूने वाटीवर भागवलं हे आमच्या देवघराचं नशीब.

तेव्हा मी हसले होते. भजी खाता खाता विचारलंसुद्धा होतं, कोणाचं नाव घालणार? ती म्हणाली, बघू.

मला राग आलेला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, पटकन बोलून मोकळी झाले असते. हे वेगळंच काहीतरी आहे, माशाचा काटा घशात अडकल्यासारखं. भात गिळला तरी जात नाही. म्हणजे मी बोलते, हे मान्य. ह्यांच्या घरात पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी ऐकवलंय. बारशाला, बाराव्याला, बसस्टॉपवर, कुठेही उभी केली तरी मी बोलते. पण बेंगळूरचं मी कोणाला सांगितलेलं नाही. सुमाक्काला सोडून. आणि सुमाक्का काय परकी आहे? लोक विचारतात, मुलगी नोकरी सोडून घरी कशी, तेव्हा काहीतरी उत्तर द्यावं लागतं. हे तिकडे दोन वाक्यांत फोन ठेवतात. उत्तरं मी देते.

सुमाक्काचं नावही 'ए'वर संपतं. आमच्याकडे 'ए'वर न संपणारी बाई हुडकून आणावी लागेल.

तरी मला ठाऊक आहे की ते माझंच आहे.

एरवी मनूच्या या गोष्टींनी मला त्रास झालेला नाही. आल्यापासून बघते आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला दाराबाहेर उभी राहून तळहातावरची दालचिनीची पूड घरात फुंकते, पैसा यावा म्हणून. मग ती पायपुसण्यातून मी झटकते. पुनवेला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी भरून तुळशीपाशी ठेवते आणि दुसऱ्या दिवशी त्याने तोंड धुते. मेणबत्तीच्या अंगावर सुईने अक्षरं कोरते. तमालपत्रावर पेनाने काहीतरी लिहून जाळते. शुक्रवारच्या बाजारातून बिर्याणीसाठी आणलेलं पाकीट निम्मं झालंय. चहा ढवळतानासुद्धा, काही हवं असेल तर घड्याळाच्या दिशेने, काही नको असेल तर उलटा. आल्यापासून उलटाच ढवळते आहे. ते मी बघितलंय. त्याबद्दल मी कोणालाही बोललेले नाही, सुमाक्कालाही नाही.

मला वाटायचं, हे सगळं पुरातन असेल, इजिप्त वगैरे. तर तसं नाही. इंग्लंडात चेटकाच्या विरोधातला जुना कायदा १९५१ साली मोडीत निघाला, आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर नावाच्या गृहस्थाने पुस्तक काढून सांगितलं की चेटूक मानणारे लोक अजून आहेत आणि मीही त्यांतलाच. आज विक्का म्हणतात त्याचा पसारा बराचसा तिथून. हा गार्डनर मलायात कस्टममध्ये होता, निवृत्त होऊन घरी परतलेला. कस्टममधून निवृत्त झालेले लोक म्हापशातही पुष्कळ आहेत. ते सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून भांडतात. याने धर्म काढला.

त्यांचे वर्षाला आठ सण. २१ जूनला लिथा, सूर्य शिखरावर असतो त्याचा. इथे आठवडाभर सूर्याने तोंड दाखवलेलं नाही, आणि ही खिडकीत पिवळी मेणबत्ती लावून बसली. वाऱ्याने ती विझत होती, ही लावत होती. काल सांजांव, सेंट जॉनचा सण. फिलूमायच्या विहिरीत पोरांनी डोक्यावर कोपेल, फुलापानांचा मुकुट, घालून उड्या मारल्या, मातीचं घुमट वाजलं, फणस वाटले. मनू गडग्यावर छत्री घेऊन उभी राहून बघत होती. म्हणाली, आई, हाही तोच सण आहे, पाणी, फुलं, सगळं तेच. मी म्हटलं, असेल. फिलूमायने मात्र तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि मला कुंपणाशी बोलावून सांगितलं, "चेडवाक दिश्ट लागल्या." मीठ-मिरच्या ओवाळ, वर प्रार्थना म्हण. कुठली प्रार्थना ते तुझं तू बघ.

या फिलूमायच्या पूर्वजांसाठी इन्क्विझिशनने, पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली हुकूमनामा काढला होता. ख्रिस्ती झालात ना, मग जुन्या चाली सोडा: ओव्या म्हणायच्या नाहीत, दारात तुळस लावायची नाही. त्याच यादीत एक कलम असं की भात मीठ न घालता शिजवायचा नाही, कारण हिंदू तसा शिजवतात. वाचलं तेव्हा मी खो खो हसले होते, कारण मी रोज भात अळणीच टाकते आणि त्यात काही धर्म आहे असं कधी मनातही आलं नव्हतं. तपेल्यात कोणी काय घातलं, काय नाही घातलं, हे बघत हिंडणारी माणसं! एवढे हुकूम काढून झाल्यावर आज फिलूमाय मला कुंपणावरून मीठ ओवाळायला सांगते.

बरं, मूळ मुद्दा. मूळ मुद्दा काय तर, मनू आणि आई यांचं जमतं. ते मला बघवत नाही असं नाही. पण जमतं. आई तिला विचारत नाहीत काही. परवा दोघी मागच्या पडवीत बसून तुरटी जाळत होत्या. जुन्या तव्यावर तुरटी टाकली की आधी पाणी सुटतं, मग ती फसफसून फुगते, पांढरी फटक होते, आणि त्या फुगवट्यात आईंना माणसाचं तोंड दिसतं, दृष्ट लावणाऱ्याचं. मनू मोबाइलने फोटो काढत होती. "आजी, हे नाक का?" "न्हय, तो कान." मी दारात उभी. मला त्यात कधीच काही दिसलं नाही. आमच्या बाबांनी असलं काही घरात शिरू दिलं नाही. अंगारे नाहीत, धागे नाहीत, रांगोळीसुद्धा दिवाळीपुरती. सासरी आले तर हे सगळं चालू होतं, मी हसत हसत बाजूला राहिले. आता लेकीने परदेशातून तेच मागवलंय, वेगळ्या वेष्टनात, आणि सासू तिला मिठाचा प्रकार सुचवते आहे: दुकानातलं पांढरं नको, आगरातलं जाडं, मातकट घे. दोघींच्या हातात मीठ आहे. मधली मी, माझ्याकडे बोलणं तेवढं.

आणि नेमकं तेच गोठवायचं?

मुलीची दृष्ट आईंनी काढली, ह्यांची काढली, नव्या स्कूटरची काढली. माझी या घरात कोणी काढल्याचं आठवत नाही. लिहिताना लाज वाटते, पण आठवत नाही हे खरं.

विक्कावाल्यांचा एक दंडक आहे, मनूनेच सांगितलेला: कोणाचं नुकसान होत नसेल तर हवं ते कर. आणि दुसरा, जे कराल ते तिप्पट होऊन परत येतं. मग हे कशात बसतं? जीभ गोठवणं म्हणजे नुकसान नाही, असं म्हणायचं असेल तिला. आणि तिप्पट परत येत असेल तर ज्याने गोठवली त्याची आधी गोठेल. महिनाभर ती जेवताना हो-नाही पलीकडे बोललेली नाही. आल्यापासूनच नाही. वाटी ठेवायच्याही आधीपासून.

मनीषा. तेही 'ए'वरच संपतं.

नको. पुढे नको.

वीज येत नाही. मघाशी आई उठून पाण्यासाठी फ्रीजकडे निघाल्या, तर मी जवळजवळ ओरडले, दार उघडू नका. त्या बघतच राहिल्या. मी म्हटलं, बांगडे आहेत हो आत.

रात्री

पावणेपाचला वीज आली. वाटी शाबूत आहे. कडेने पाणी सुटलं होतं, पुन्हा गोठेल. पाहायला गेले नव्हते, बर्फाचा ट्रे काढायला गेले होते.

संध्याकाळी नारळ खवत होते, मनू शेजारी लसूण सोलत होती. लांबून सुरुवात केली. म्हटलं, ऑफिसात एक बाई आहे, फार बोलते. तुमच्यात तिचं काय करतात?

"कोण?"

"आहे एक."

तिने दोन पाकळ्या सोलल्या. म्हणाली, "बोलू दे ना. कोणी बोलायचं थांबवलं की घरात कसं होतं माहितीये ना तुला."

आता याचा अर्थ काय लावायचा? मी लावला, तीन प्रकारे लावला, तिन्ही वेळा खोबरं खवणीवरून खाली सांडलं. ती उठून गेली, जाताना माझ्या पाठीवर लसणाचा हात पुसून गेली. लहानपणी पुसायची तसा. गाऊनला वास आहे अजून.

त्यानंतर मला एकदम हसूच यायला लागलं. पन्नाशी उलटलेली बाई, दिवसभर बर्फाच्या वाटीवर पहारा देते आहे, मनाशी म्हणते आहे की आपला या गोष्टींवर विश्वास नाही. विश्वास नसेल तर घसा कशाला धरतेय? सकाळपासून धरलाय. दोनदा गरम पाणी पिऊन झालं.

जेवणं झाल्यावर आईंना जाऊन सांगितलं, माझी दृष्ट काढा.

त्या जप करत होत्या. माळ थांबली. चष्म्यावरून वर बघितलं, खाली बघितलं.

"तुका कोणाची दिश्ट लागतली गो?"

आतल्या खोलीत मनू इतक्या जोरात हसली की मला आधी कळलंच नाही ती तीच आहे. किती दिवसांनी. मी हट्टाला पेटले. म्हटलं, कोणाची का असेना, काढा. तुरटीत बघा कोण दिसतंय ते.

मग काय, सगळी तयारी. मनूने मोहरीचा डबा आणला, सुक्या मिरच्या आणल्या. मिठाचं तिनेच सांगितलं, आजी, जाडं घे. मला पाटावर बसवलं, तोंड पूर्वेला. आईंनी मूठ भरली, पदर खोचला आणि तंबी दिली: आता तोंडातून शब्द काढायचा नाही, म्हणायचं ते मी म्हणणार, तू ओगी रावचें. मनू दाराला टेकून उभी, मोबाइल मात्र हातात नव्हता. आईंची मूठ डोक्यावरून खांद्याशी, खांद्यावरून गुडघ्याशी, त्या पुटपुटत होत्या, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, आणि मुठीतून मिरचीचा देठ बाहेर डोकावत होता, एकच, आणि मला वाटलं तीन घ्यायला हव्यात ना, मुलीच्या वेळी तीन घेतल्या होत्या.

"आई, मिरच्या किती घेतल्यात?"

मूठ थांबली. मनूने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आईंनी मीठ परत वाटीत ओतलं, मिरच्या काढून बाजूला ठेवल्या आणि म्हणाल्या, "ऊठ. पाय धू. परतून पयलीं सावन." पुन्हा पहिल्यापासून.