बोरिवली ते मोत माउली, पायी

संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मग घरी दोन घास, आणि रात्री दहाला बांद्र्याच्या मोत माउलीला, म्हणजे माउंट मेरी चर्चला, निघालो. नोव्हेनाचे, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे दिवस, शनिवार, वर पावसाची रिपरिप. गटाचा नियम मावशींनी घातलेला: बांद्रा येईपर्यंत कुणी काही मागायचं नाही, जपमाळेच्या प्रत्येक दशकाआधी, म्हणजे दर दहा ‘नमो मरिये’ प्रार्थनांआधी, फक्त आभार. ऐकूनच डोकं फिरलं. मी मागायलाच तर चालले होते.

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. बिल्डरने भाड्याचे चेक थांबवलेत, प्लॉटवर गवत माजलंय, आणि आत्ताच्या घराचं ॲग्रीमेंट दिवाळीत संपतंय. तोंडाने ‘नमो मरिये’ आणि डोक्यात डिपॉझिट, ब्रोकरेज, टेम्पोवाला. कांदिवलीपर्यंत बाकीच्यांचे आभार ऐकले. कुणाचा नातू बारावी झाला, कुणाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, “पाऊस फार नाही, म्हणून.” मालाडला तो कोसळला. मावशी खो खो हसल्या. मला हसू आलं नाही.

गोरेगाव कधी गेलं कळलं नाही. जोगेश्वरीला मात्र उजव्या टाचेने पाय टेकवू देईना. एस. व्ही. रोडवर एका बंद शोरूमसमोर वॉचमन बसले होते. मला लंगडताना बघून उठले आणि आपली प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. “बसा ताई. मोजा काढा.” टाचेवर रुपयाएवढा फोड. मी नखाने फोडणार, तेवढ्यात ओरडले, “अहो, हात नका लावू!” खिशातून काडेपेटी काढली, टोपीच्या आत खोचलेली दोरा ओवलेली सुई ज्योतीवर धरली आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली. दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी त्या दोऱ्यावरून हळूहळू झिरपत राहिलं. माण तालुक्यातले, दर आषाढीला आळंदीहून पंढरपूरला चालणारे. “कातडी निघाली की चालणं संपलं,” म्हणाले. डबा पुसायचं फडकं फाडून टाचेला बांधलं, वर बाटलीतला चहा झाकणात ओतून दिला. पैसे देऊ केले तर तोंड वाकडं केलं. गट पुढे निघून गेलेला, ते रस्त्यावर उभे राहून लांबचे दिवे दाखवत होते, “ते बघा तुमचे लोक.”

पुढच्या दशकाला मी न विचारता बोलले. खुर्चीसाठी, सुईसाठी, फडक्यासाठी. तेवढा वेळ डिपॉझिट आठवलं नाही. मग आठवलंच, पण तोवर पार्ला आलं होतं.

सांताक्रूझच्या आसपास, जपमाळेत दुसऱ्यांदा आनंदाची रहस्यं, म्हणजे येशूच्या जन्माभोवतीचे प्रसंग, चालू असताना येशूची आई मरिया आणि तिची नातलग एलिझाबेथ यांची भेट आली. लहानपणापासून म्हणतेय. पण मरियेने त्या भेटीत आभाराचं गाणं गायलं तेव्हा तिचं कुठे काय मार्गी लागलं होतं? लग्न व्हायचं होतं, पोटात बाळ, लोक काय म्हणतील ते वेगळंच. येशूचा प्रेषित पौल, त्यानेही चिंता करू नका म्हणून फिलिप्पैच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं ते कैदेत बसून. फादर हे दरवर्षी सांगतात आणि मी दरवर्षी घड्याळ बघते. टाच ठणकत असताना ऐकायला जरा बरं वाटलं. पण बिल्डरचा राग होता तेवढाच होता, हेही सांगून टाकते.

खार. बांद्रा तलाव. हिल रोड.

चढावर पहाटेच मेणबत्त्यांचे स्टॉल लागलेले. मेणाचे हात, पाय, बाळं, घरं; ज्यासाठी मागायचं त्याचा आकार वाहायचा. पायाकडे बघून पोरगा मेणाचा पाय पुढे करत होता, मी घर उचललं. मावशींनी पाहिलं. मला वाटलं आता नियमावरून बोलणार.

“पौलाने मागू नका कुठे म्हटलंय बाय? आभारासकट मागा म्हटलंय. बांद्रा आलं ना? माग आता.”

1700 साली चाच्यांनी जिचा उजवा हात तोडला ती हीच मूर्ती. रांग सरकत होती, मागून धक्के बसत होते, सिक्युरिटीवाला ‘चला चला’ करत होता. समोर उभं राहायला मिळालं जेमतेम अर्धा मिनिट. खुर्चीपासून सुरुवात केली, मग वॉचमनच्या गुडघ्यांसाठी मागितलं, आणि शेवटी भरभर आमचं सगळं: थकलेलं भाडं, ओसी म्हणजे राहायला जायचा पालिकेचा दाखला, तिसरा मजला आणि ठरल्याइतका कार्पेट एरिया.