चोकवरच चालणारी बुलेट

पावसाळाभर शेडमध्ये उभी राहिलेली जुनी बुलेट दसऱ्याच्या तोंडावर बाहेर काढली की तिचं दुखणं ठरलेलं असतं. चोक, म्हणजे थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा खटका, दिला की सुरू, काढला की बंद. मूठ पिळून धरली तर छान धडधडते, सोडली की दोन गचके खाऊन गप्प. माझी गाडी १९८४ ची, साडेतीनशे सीसीची. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर मिककार्बचा व्हीएम २४. यंदाही तिनं तेच केलं, आणि पुतण्या लगेच म्हणाला, "काका, नवा कार्बोरेटरच टाकूया की. मिळतोय बाजारात."

"आधी उघडून तर बघूया की," म्हटलं.

माझं याबाबतीत मत पक्कं आहे. स्लाइड, म्हणजे मुठीबरोबर वरखाली होणारी झडप, बॉडीत खडखडायला लागली असेल तर बॉडी झिजली, तेव्हा खुशाल नवा टाका. नुसत्या घाणीपायी जुना कार्बोरेटर भंगारात घालणं मला पटत नाही.

चोकवर चालते याचा अर्थ एवढाच, की एरवी तिला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त होतेय. मूठ बंद असताना आणि जेमतेम आठव्या हिश्शापर्यंत उघडली असताना सगळी भिस्त पायलट जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यावर. त्यापुढे स्लाइडचा तिरपा काप, मग पाऊण मुठीपर्यंत स्लाइडला लटकणारी सुई, आणि शेवटी मोठ्या भोकाचा मेन जेट. वेगात ठणठणीत चालणारी गाडी मूठ सोडल्यावर, आयडलिंगलाच मरत असेल, तर मेन जेट बदलून हाती काही लागत नाही. ठिणगी पाडणारे प्लग आणि पॉइंट तेवढे आधी बघून घेतले. ठिणगी निळी, कडक होती.

टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर उतरवला. वाटीचे, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या पेट्रोल साठणाऱ्या भांड्याचे, स्क्रू जाम असतील तर जोर लावू नये. पेचकस खाचेत नीट बसवून वरून हातोडीनं हलकी टिचकी दिली की सुटतात. वाटी निघाली आणि कारण समोरच होतं. तळाशी पाण्यासारखा वेगळा थर, कडेला पांढरी भुकटी, पितळी जेटवर हिरवट बुरशीसारखा लेप.

हे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं काम. आम्ही कोल्हापूरकडचे. इथेनॉल आमच्याच उसातून येतं, कारखान्यांना त्यातून पैसा मिळतो, आणि तो मिळावाच. पण ही गाडी बांधली तेव्हा असल्या पेट्रोलचा विचार कुणी केलेला नव्हता. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि जेटही नेमके तिथेच असतात. रोजच्या गाडीत हे पेट्रोल खेळतं राहतं. उभ्या गाडीत ते धातू खातं, जुनं रबर फुगवतं.

पायलट जेट काढून उजेडाकडे धरला. आरपार काहीच दिसेना. इथे बरेच मिस्त्री क्लच केबलची तार घालतात, आणि मला ते बघवत नाही. ती तार पोलादी, जेट मऊ पितळेचा. भोक किंचित मोठं झालं की जेटवरचा नंबर खोटा ठरला, मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिणार. मी जेट रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये बुडवून ठेवला, सकाळी ब्रशचा एक नायलॉनचा केस फिरवला, मग हवा मारली. पुन्हा उजेडाकडे धरला तर मधोमध गोल, स्वच्छ ठिपका.

जेट साफ झाला म्हणजे काम संपलं असं नाही. बॉडीतली वाट साफ झाली का, हे बघायलाच हवं. आयडलिंगची हवा कमीजास्त करणाऱ्या एअर स्क्रूच्या भोकातून क्लीनरची नळी लावून फवारा मारला, की स्लाइडच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला असलेल्या बारक्या छिद्रातून धार यायला पाहिजे. आधी नुसता ओलसरपणा आला. भिजवून, थांबून, परत मारत राहिलो तेव्हा तपकिरी थेंब बाहेर पडला आणि मग सरळ धार लागली. पुतण्या वाकून बघत होता, त्याच्या चष्म्यावर उडाली.

हवा कुठून शिरते तेही बघितलं. फ्लँजवर, म्हणजे कार्बोरेटर इंजिनाला जोडतो त्या सपाट तोंडावर, पोलादी पट्टी उभी धरली तर दोन बोल्टांच्या मध्ये फट दिसली. वर्षानुवर्षं बोल्ट आवळून आवळून फ्लँज वाकते. जाड काचेवर पाणी टाकून चारशे नंबरचा पॉलिश पेपर, आणि त्यावर फ्लँज आठच्या आकड्यात फिरवायची, हात अजिबात न दाबता. नवी ओ-रिंग घातली. बोल्ट आलटून पालटून, बेतानंच आवळले.

एअर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत, मग दीड आटे बाहेर. इंजिन चांगलं गरम झाल्यावर इथून थोडं पुढे-मागे करत जायचं. इंजिन जिथे सगळ्यात मोकळं फिरतं ती जागा खरी. मग स्लो स्क्रूनं आयडलिंग खाली आणायचं. या कार्बोरेटरला एअर स्क्रू आत घेतला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं, बाहेर घेतला की कमी होतं. पुष्कळ जण इथे उलटं करतात. दुसऱ्या दिवशी रंकाळ्यापर्यंत फिरवून आणली आणि प्लग काढून बघितला: कॉफीसारखा तपकिरी.

आता चार दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालू ठेवतो. कॉकचं बुच मात्र फुगलंय, थेंब थेंब गळतंय. ते या रविवारी.