धावायचं नाही

मागच्या शनिवारी एका बाईने चाळीस माणसांसमोर मला सांगितलं, "तू मेलीस. जा, तिकडे ताडपत्रीवर पडून राहा."

मी गेले आणि पडून राहिले. डोक्यावर हिरवं हेल्मेट, अंगात हिरवं जॅकेट, गुडघ्यांना पॅड बांधलेले, आणि वर कॅलिफोर्नियाचं निळंशार आभाळ. शेजारी पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी कपाळाला खोटं रक्त फासून आधीपासूनच मेलेली होती. ती चिप्स खात होती. मलाही विचारलं तिने, हवेत का म्हणून.

झालं असं की, इथे आमच्या उपनगरात अग्निशमन दलातर्फे सर्टचं, म्हणजे 'कम्युनिटी इमर्जन्सी रिस्पॉन्स टीम'चं प्रशिक्षण असतं. आपत्तीत पहिल्या दोन-तीन दिवसांत बंब आणि अँब्युलन्स सगळीकडे पोचणार नाहीत हे धरूनच चालायचं, आणि तोवर गल्लीतल्याच माणसांनी एकमेकांना सांभाळायचं, असा सगळा मामला. वीसेक तासांचा कोर्स, फुकट. मी तो आठ वर्षांपूर्वी केला. तेव्हापासून पाकिटात कार्ड आहे, गाडीच्या डिकीत हिरवी बॅग आहे आणि वर्षातून एकदा ही उजळणी. खरा प्रसंग आजवर एकदाही आलेला नाही. येईल मात्र. हेवर्ड फॉल्ट, म्हणजे जमिनीतली भूकंपाची भेग, आमच्या घरापासून दोन मैलांवरून जातो. त्याचा मोठा भूकंप 1868 साली झाला. मधल्या काळात तो गप्प बसलेला नाही, इंचाइंचाने सरकतोय. काही ठिकाणी फुटपाथची कड अशी तुटून बाजूला गेलेली दिसते की वाटावं, गवंडी दुपारी जेवायला गेला आणि परत येऊन त्याने दुसऱ्याच रेषेत काम धरलं. 2014 ते 2043 या काळात बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या या पट्ट्यात, 6.7 किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता 72 टक्के, असं इथल्या भूगर्भशास्त्रज्ञांनी सांगून ठेवलंय. ते वाचून आम्ही काय केलं? गीझर भिंतीला पट्ट्यांनी बांधून घेतला आणि घर घेतलं.

तर, शनिवार. बंबांच्या आवाराच्या मागे काँक्रीटचे तुकडे, मोडकी दारं, एक उलटं कपाट असा ढिगारा रचलेला. त्यात शाळेतली पोरं जखमी म्हणून ठेवलेली. शिट्टी वाजली. आतून एक मुलगा ओरडला, अगदी पोटातून, "हेल्प!" आणि मी धावले.

बस, एवढंच. धावले म्हणून मेले. वरून एक पिवळी दोरी लोंबत होती, ती जिवंत वीजवाहिनी होती म्हणे. मला दिसली नाही. माझे जोडीदार, सत्तरीचे एक चिनी काका, मागे उभे राहून वर-खाली, डावी-उजवीकडे बघत होते. त्यांना ती दिसली. ते मला हाक मारत होते, तीही मला ऐकू आली नाही. शिकवणाऱ्या बाई निवृत्त फायर कॅप्टन. त्या शांतपणे सगळ्यांना म्हणाल्या, "मघाशी एक पेशंट होता. आता दोन झाले, आणि माणूस एक कमी."

मला त्याचा भयंकर राग आला. अजून थोडा आहे.

कारण यांच्या पुस्तकात 'अंदाज घेणे' या एका गोष्टीच्या नऊ पायऱ्या आहेत. नऊ! माहिती गोळा करा, नुकसान बघा, पुढे काय होऊ शकेल त्याचा विचार करा, स्वतःची स्थिती तपासा, प्राधान्य ठरवा, निर्णय घ्या, योजना आखा. आठव्या नंबरला येतं 'कृती करा'. माणूस ढिगाऱ्याखाली, आणि आपण सातव्या पायरीवर. शिवाय सगळं कागदावर उतरवायचं, कोण कुठे किती वाजता आत गेलं ते. इमारत फारच मोडलेली असेल तर आत जायचंच नाही, बाहेर खूण करून पुढे निघायचं. आतून आवाज आला तरी? मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. आवाज आला तरी.

जखमींची वर्गवारीही तशीच. एका माणसाला जास्तीत जास्त अर्धा मिनिट. श्वास मिनिटाला तीसच्या वर आहे का, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परत येते का, सांगितलेलं कळतंय का. लाल म्हणजे तातडीचा, पिवळा थोडं थांबू शकणारा, हिरवा किरकोळ. श्वासच नसेल तर मान मागे करून वाट मोकळी करायची, दोनदा प्रयत्न करायचा, तरी नाही तर काळा, म्हणजे मेलेला, आणि उठायचं. हात धरून बसायचं नाही. दोन वर्षांपूर्वी मी एका काळ्या मुलाचा, म्हणजे काळी चिठ्ठी मिळालेल्या मुलाचा, हात धरून बसले होते, तेव्हाही बोलणी खाल्ली होती.

आपल्याकडे असं नाही हो. आपल्याकडे माणूस आधी धावतो. किल्लारीला माझा मामा गेला होता, मंडळाच्या पोरांबरोबर ट्रकमधून. आदल्या रात्री विसर्जनात नाचलेली पोरं ती. कोणाला हेल्मेट नाही, हातमोजे नाहीत, घमेली आणि फावडी घेऊन निघाले. त्या दगडमातीच्या रुंद भिंती त्यांनी हाताने उपसल्या. मामा त्याबद्दल फार बोलत नसे, पण त्याच्या उजव्या हाताचं एक बोट शेवटपर्यंत नीट वळलं नाही. आणि 26 जुलै तर तुमच्यातल्या कितीतरी जणांनी स्वतःच्या अंगावर काढलाय. 944 मिलिमीटर हा आकडा पाठच आहे आपल्याला. त्या रात्री कोणी नऊ पायऱ्या मोजल्या? लोकांनी दोर बांधले, साखळ्या केल्या, अनोळखी बायकांना घरात घेतलं, बिस्किटं वाटली. हे सगळं मी घरी आल्या आल्या तावातावाने नवऱ्याला ऐकवलं.

तो भांडी लावत होता. म्हणाला, "हो, पण तू कुठे होतीस?"

मी कलिन्यात होते, तिसऱ्या मजल्यावर. खाली पोरांनी दोर धरला होता, या खांबापासून त्या गेटपर्यंत, आणि छातीभर पाण्यातून माणसं त्याला धरून येत होती. मी खिडकीतून बघत होते. माझी लेक तेव्हा आठ महिन्यांची होती, नवरा ऑफिसात अडकलेला, फोन बंद, दूध संपत आलेलं. अशा वेळी खाली कोण उतरेल? आणि उतरून करायचं काय, हे तरी कोणी कधी शिकवलं होतं? मधेच कोणीतरी बेल वाजवली. मी दार उघडलं नाही. चोर असेल म्हणून नाही. आत घेतलं तर कुठे झोपवायचं, एवढाच विचार आला होता. सकाळी कळलं, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात बसलेल्या सात जणांना घरात घेतलं होतं.

म्हणजे आपल्याकडचे लोक धावतात हे खरं आहे. त्यात मी नव्हते, एवढंच.

मग इथेच हा हिरवा उत्साह कुठून आला, हा नवऱ्याचा दुसरा प्रश्न. "कलिन्यात सोसायटीच्या मीटिंगला कधी गेली नाहीस." खरंय. पण इथे दारावर पत्रक आलं, त्यात लिहिलं होतं की कसलाही अनुभव लागत नाही आणि तुम्हाला उचलता येईल तेवढंच उचला. मला आयुष्यात कोणी इतक्या सभ्यपणे कामाला बोलावलं नव्हतं. आपल्याकडे मदत करायची तर आधी कोणाचा तरी कोणीतरी असावं लागतं, मंडळाचा, पक्षाचा, शाखेचा, निदान गल्लीतला मुलगा तरी. पंचविशीतल्या बाईला दोर धर असं कोण म्हणणार होतं? माझ्या बाजूने मला इतकंच म्हणायचंय. आणि शेजार म्हणाल, तर इथे मला गल्लीतल्या अकरा घरांचे गॅसचे मीटर कुठे आहेत ते पाठ आहे, पण त्यातल्या चार घरांत मी आजवर पाऊल टाकलेलं नाही.

रविवारी सकाळी मामेभावाला फोन लावला. तो शिरोळकडचा, शेती करतो. बाजू घेईल असा आणखी कोणीतरी हवा होता मला. सगळी हकिगत सांगितली, ताडपत्री आणि चिप्ससकट. तो खूप हसला.

"ताई, हेल्मेट अजून नवंच आहे काय तुझं?"

मला माहीतच नव्हतं की तो 'आपदा मित्र' झालाय. ही केंद्राची योजना 2016 पासून आहे. गावातल्याच माणसांना बारा दिवस शिकवतात, आणि पुराच्या पट्ट्यात त्यात बोट, दोर, लाइफ जॅकेट सगळं येतं. म्हणजे आपल्याकडे कोणी शिकवत नाही, हे माझं आठ वर्षांचं पालुपद तिथेच बुडालं. 2019 च्या पुरात मात्र तो काहीही न शिकताच बोटीत होता. वल्हं धरायला माणूस कमी होता म्हणून चढला.

मी म्हटलं, "बघ! तू तरी थांबलास का नऊ पायऱ्या मोजत?"

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ब्रह्मनाळचं आठवतंय न्हवं तुला?"

आठवत होतं. पुरातून माणसं बाहेर काढताना नाव उलटली होती, क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती तिच्यात.

"आमची पण तशीच भरली हुती एकदा," तो म्हणाला. "काठावर म्हातारी उभी, तिची सून उभी, कडेवर पोर. आता नको, पुढच्या खेपेला, असं म्हणायला तोंडच उघडत नाही गं. आमच्यात एक जण होता, माजी सैनिक. त्यानं सरळ हात आडवा घातला. शिव्या खाल्ल्या त्यानं काठावरच्या लोकांच्या. मी पण दिल्या मनातल्या मनात. पण आम्ही सात खेपा केल्या त्या दिवशी."

मला बाईंचं वाक्य आठवलं, दोन पेशंट आणि माणूस एक कमी. मी मग त्याला मेक्सिको सिटीचं सांगितलं, कारण हा सगळा प्रकार तिथूनच सुरू झालाय. 1985 च्या भूकंपात तिथल्या साध्यासुध्या माणसांनी हाताने उपसून आठशेच्या वर जीव वाचवले, आणि त्या पंधरा दिवसांत वाचवायला गेलेलेच शंभराच्या वर मेले. लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने ते बघितलं आणि आपल्या शहरात लोकांना शिकवायला घेतलं. 1993 मध्ये ते देशभर गेलं. 1993 म्हणजे आपलं किल्लारीचं साल. हे माझ्या आजवर लक्षातच आलं नव्हतं, त्याच्याशी बोलताना तोंडातून आकडा निघाला तेव्हा आलं.

"शंभर," तो म्हणाला. "धावलेलेच की ते."

मग त्याने दुसरंच विचारलं. पूर ओसरल्यावर त्यांच्याकडे मातीच्या भिंती खचतात, आणि खाली कोणी सापडलं तर सगळे मिळून एकदम ओढायला लागतात. भिंत निम्मी उचलली जाते, हात सुटतो आणि परत त्याच माणसावर बसते. "तुमच्यात काय शिकवतात त्याला?"

यावर मात्र मला उत्तर येत होतं. पहार घालायची, खाली टेकू द्यायचा. एकाने पहार दाबायची, दुसऱ्याने लगेच फटीत लाकडी ठोकळा सरकवायचा, मग पुन्हा दाबायची, पुन्हा ठोकळा. दोन असे, त्यावर दोन आडवे, अशी चौकट चढवत न्यायची, दोन्ही बाजूंनी सारखी. म्हणजे हात सुटला तरी वजन ठोकळ्यांवर बसतं, माणसावर नाही. मी तीन-साडेतीनशे किलोची लादी अशी उचललीय, चिनी काकांबरोबर, दोघांनी मिळून. हे सांगताना माझा आवाज जरा चढला असणार.

"चित्र काढून पाठव," तो म्हणाला. "पहार हाय घरात. ठोकळे सुताराकडनं आणतो."

मी शनिवारच्याच फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूला चित्र काढलं आणि फोटो काढून पाठवला. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला.

"एका वेळंला किती उचलायचं, ते लिहिलं नाहीस."

"एक इंच. एक इंच उचल, एक इंच ठोकळा सरकव."

"मग बोटभर म्हण की," तो म्हणाला.