काळा वाघ्या

"काळं कुत्रं हाय ताई. मोबाईलमधी नुसता डाग उठतोय."

आटपाडीकडच्या एका वस्तीवरून आबांचा फोन आला तो असा. त्यांना वाघ्याचा भिंतीवर लावायला फोटो हवा होता. वाघ्या नऊ वर्षांचा, कारवानी जातीचा शिकारी कुत्रा. २००५ साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता. बरेच जाणकार मुधोळ आणि कारवानी एकच मानतात. देशी कुत्र्यांचे फोटो काढायला मी कुठेही जाते. सांगलीतल्या माझ्या स्टुडिओत वाघ्याला आणायचं तर दोन तास टेम्पोत, तेही उन्हातून. त्यापेक्षा स्टुडिओच गाडीत घातला: बॅटरीवरचे तीन फ्लॅश, चार फुटी ऑक्टाबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी आठकोनी कापडी पेटी), दोन उभ्या पट्टीचे सॉफ्टबॉक्स (तशाच लांबट पेट्या), स्टँड आणि स्टँडवर ठेवायला वाळूच्या पिशव्या.

मेंढरं चरायला गेली होती, वाडगं रिकामं होतं. शेजारचं पत्र्याचं शेड आबांनी झाडून ठेवलं होतं. मी मागे राखाडी कापड लावलं, तर वाऱ्याने ते फडफडायला लागलं आणि वाघ्या दारातूनच परतला. आबांनी काही न बोलता खांद्यावरची घोंगडी काढून दिली. काळी, जाड, हलायचं नाव नाही. लोकर उजेड पिऊन टाकते, चमकत नाही. पार्श्वभूमीला त्याहून चांगलं काय असणार! शिवाय तिला आबांचा वास.

काळ्या घोंगडीपुढे काळं कुत्रं म्हटल्यावर कुणालाही वाटेल की समोरून भरपूर उजेड मारावा. तसं केलं की नाक तेवढं चकाकतं आणि बाकीचं अंग सपाट दिसतं. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो सगळ्याला करडं समजून काळा रंग धुऊन काढतो. कारवानीची कातडी आखूड केसांची, तुळतुळीत. तिच्यावर उजेड काळ्या गाडीवर उमटतो तसा उमटतो. म्हणून दोन्ही पट्ट्या मी वाघ्याच्या मागच्या बाजूंना, तिरक्या उभ्या केल्या. त्यांची एकेक लांब रेघ मानेवरून पाठीवर, तिथून मांडीवर उतरते आणि फासळ्या, खोल छाती, आवळलेलं पोट आपोआप रेखलं जातं. ऑक्टाबॉक्स समोर, डावीकडे, थोडा वर. त्याचं काम मुख्यतः डोळ्यांचं. काळ्या चेहऱ्यात गडद डोळा दिसतो तो त्यातल्या उजेडाच्या ठिपक्यामुळे. आणि फ्लॅश लेन्सपासून बाजूला असला की बुबुळामागचा पडदा हिरवा चमकत नाही.

शटर १/२०० सेकंद, लेन्सचं तोंड एफ ८, कॅमेऱ्याची संवेदनशीलता आयएसओ १००. फ्लॅशविना एक फोटो काढून पाहिला, पूर्ण काळा. म्हणजे शेडमधला उजेड मध्ये येत नव्हता. सगळं जागच्या जागी होतं. मी बटण दाबलं.

टप्प.

वाघ्या जमिनीला चिकटला. शेपूट पोटाखाली, कान मागे. आबा खाली बसले, त्याच्या पाठीवर हात ठेवला. "दिवाळीत कुणीतरी ह्याच्याजवळ सुतळी बॉम्ब लावला हुता. तवापास्नं असंच."

त्याला उजेडाची भीती नव्हती, फ्लॅशच्या ट्यूबच्या त्या आवाजाची होती. हे मी आधी विचारायला हवं होतं. तिथेच सगळं गुंडाळून परत जाण्याचा विचार मनात आला, कारण घाबरलेल्या कुत्र्याचा फोटो मी काढत नाही.

आबा म्हणाले, "जरा दमानं घ्या." मी कॅमेरा खाली ठेवला आणि समोरच्या फ्लॅशची शक्ती १/२ वरून १/१६ वर आणली. एवढ्या कमी शक्तीला आवाज जेमतेम ऐकू येतो. फ्लॅश पुन्हा चार्ज झाल्यावर वाजणारी शिट्टीही बंद केली. पण उजेड तीन स्टॉप गेला (एक स्टॉप म्हणजे निम्मा), तो आणायचा कुठून? लेन्सचं तोंड एफ २.८ पर्यंत उघडलं असतं तर या लांब तोंडाच्या कुत्र्याचा डोळा स्पष्ट आणि नाक पुसट आलं असतं. आयएसओ ८०० केलं असतं तर दारातून येणारा दिवसाचा उजेड मिसळला असता. दार झाकायचं नव्हतं. वाघ्याला बाहेर जायची वाट दिसत राहायला हवी होती. मग ऑक्टाबॉक्स दोन मीटरवरून एक मीटरवर आणला. अंतर निम्मं केलं की प्रकाश साधारण चौपट होतो, म्हणजे दोन स्टॉप. उरलेला एक आयएसओ २०० करून. कडेच्या पट्ट्याही तशाच जवळ घेऊन त्यांची शक्ती तेवढीच उतरवली.

पुढचा पाऊण तास एकही फोटो काढला नाही. फ्लॅश बाहेरच्या बाजूला वळवला. एक चमक, एक मटणाचा तुकडा. मग भिंतीकडे, मग थोडा जवळ. चौदा-पंधरा चमकांनंतर वाघ्या फ्लॅश झाला की आबांच्या हाताकडे बघायला लागला. तेव्हा मी कॅमेरा उचलला.

पण आता तो फक्त हाताकडेच बघत होता, मान खाली घालून. मी जिभेचे आवाज केले, आबांनी शीळ घातली. काही उपयोग झाला नाही. मग माझ्या लक्षात आलं की हा वासावर नव्हे, नजरेवर धावणारा कुत्रा. आबांच्या नातवाला म्हटलं, दारासमोरून लांब, बांधावरून पळ.

पोरगं पळालं. वाघ्याची मान उठली, कान अर्धे वर आले, पुढचा एक पाय जमिनीवरून सुटला. सहा फोटो मिळाले.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून दाखवला. आबा बराच वेळ बघत राहिले. मग बोट डाव्या खांद्यावर नेलं. कडेच्या उजेडात तिथली एक वाकडी, बिनकेसांची रेघ उठून आली होती. समोर कुत्रा उभा असताना ती माझ्या नजरेत आली नव्हती.

"लांडगा आलता वाडग्यात. तीन वर्सं झाली. कोकरू सोडवून आनलं ह्यानं."

मी विचारलं, पुसून टाकू का, पुष्कळ जण तसं सांगतात.

"आवो, न्हाय!" आबा उठलेच. "त्याच बाजूनं अजून एक काढा. जरा जवळनं."

डावी पट्टी मी हातभर पुढे सरकवली. नातू पुन्हा बांधाकडे निघाला होता, पण आबांनी त्याला थांबवलं आणि स्वतःच दारातून बाहेर चालायला लागले. वाघ्या त्यांच्याकडे बघत राहिला. फ्लॅश झाला तेव्हा त्याने कानही हलवला नाही.