बँकॉकमधला राजा

राजे भूमिबोल यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत नोकरीच्या निमित्ताने आम्ही बँकॉकमध्ये राहत होतो. प्रजासत्ताकात वाढलेल्या माझ्यासारख्याला राजा म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला विषय वाटे. तेथे मात्र तो सोमवारच्या शर्टात दिसत असे. थाई परंपरेत प्रत्येक वाराला एक रंग आहे आणि राजांचा जन्म सोमवारचा असल्यामुळे त्यांचा रंग पिवळा. २००६ मध्ये त्यांच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली, तेव्हा सोमवारी बसथांब्यापासून बँकेच्या काउंटरपर्यंत सगळीकडे पिवळे शर्ट दिसू लागले. पुढे राजकीय भांडणात एका गटाने तोच रंग उचलला आणि साध्या माणसांनाही कपाट उघडताना विचार करावा लागू लागला.

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता राष्ट्रगीत लागे. लुंपिनी उद्यानात धावणारी माणसे त्या वेळी जागच्या जागी थांबत. चित्रपटगृहात उभे राहायचे ते मात्र राजगीतासाठी, आणि मीही निमूटपणे उभा राहत असे.

या आदराच्या मागे कायदाही उभा होता. दंडसंहितेच्या कलम ११२ नुसार राजा, राणी किंवा युवराज यांच्या अवमानाबद्दल प्रत्येक गुन्ह्यासाठी तीन ते पंधरा वर्षांची कैद होऊ शकते. जेवणाच्या सुट्टीत राजवाड्याचा विषय निघालाच, तर सहकारी हसून आंब्यांच्या भावाकडे वळत. प्रेम कोठे संपते आणि धास्ती कोठे सुरू होते, हे बाहेरच्याला ओळखता येत नसे. कदाचित त्यांनाही त्यांची फारकत करावीशी वाटत नसावी.

प्रेम मात्र खोटे नव्हते. १३ ऑक्टोबर २०१६ रोजी, सत्तर वर्षांच्या राजवटीनंतर, राजे गेले आणि सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षभर काळे कपडे घालण्यास सांगण्यात आले. बाजारात काळ्या शर्टांचा तुटवडा पडला, तेव्हा रस्त्याकडेला मोठ्या पातेल्यांत काळा रंग उकळवून लोकांचे जुने कपडे फुकट रंगवून दिले जाऊ लागले. अंत्यदर्शनासाठी राजवाड्यात वर्षभरात सव्वा कोटीहून अधिक लोक येऊन गेले. आमच्या इमारतीत साफसफाई करणाऱ्या बाई पहाटेपासून रांगेत उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामावर आल्या. त्यांना तसे करायला कोणत्याही कलमाने भाग पाडले नव्हते.

आम्ही परतल्यानंतर, ऑगस्ट २०२० मध्ये, थम्मासात विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी राजसत्तेच्या सुधारणेसाठी दहा मागण्या व्यासपीठावरून जाहीरपणे वाचून दाखवल्या. माझे सहकारी ज्या विषयावर अवाक्षर काढत नसत, तो त्यांच्या मुलांच्या वयाची पोरे ध्वनिक्षेपकावरून बोलत होती. आजही आमचे फोन होतात, पण त्या मागण्यांबद्दल त्यांचे मत मी विचारत नाही, कारण उत्तराची जोखीम त्यांना घ्यावी लागेल, मला नाही.