कान तुटलेला मग

काल दुपारी भांडी विसळताना व्हीटीचा कान तुटला. शहरांची चित्रे असलेले चौदा मग माझ्या फळीवर आहेत आणि हा त्यांतला सर्वांत जुना. स्थानकाचे नाव कधीच बदलले, मगावर मात्र ते जुनेच राहिले. या मगांच्या बाबतीत माझा एक हट्ट आहे, की ज्या शहरात पाऊल टाकलेले नाही, त्या शहराच्या मगातून चहा प्यायचा नाही. त्यामुळे भाच्याने आणलेले इस्तंबूल गलाता मनोऱ्यासकट सहा वर्षे कोरडे आहे. जयपूरच्या हवामहलात मात्र रोज चहा वाफाळतो.

मुंबईचे मग रंगवणारे चित्रकार भूगोल गुंडाळून ठेवतात. १८८८ साली पूर्ण झालेले व्हीटी, १९२४ चे गेटवे आणि २००९ चा सागरी सेतू वीतभर पट्टीत खांद्याला खांदा लावून उभे राहतात, आणि समुद्र जागा मिळेल तिथे शिरतो. माझ्या मगाच्या चित्रकाराने मात्र फक्त व्हीटी काढले आणि निगुतीने काढले. घुमटावरच्या ‘प्रगती’च्या उजव्या हातात मशाल आणि डाव्या हातात चाक आहे, हे वीस वर्षे त्या स्थानकातून ये-जा करूनही मला ठाऊक नव्हते, ते चहा पिताना कळले.

आईला हे सारे खूळ वाटे. मगाने अंघोळ करतात, चहा कपबशीतून पितात, असे तिचे म्हणणे. आमच्याकडे गुलाबी फुलांच्या सहा कपांचा सेट होता, अर्थात पाहुण्यांसाठी. त्यातल्या एकाचा कान तुटला तेव्हा तो कप टाकला गेला नाही, मागच्या दाराजवळच्या कोनाड्यात त्याची रवानगी झाली. भांडी घासून झाली की बाई तो स्वतः काढून घेत, स्वतः विसळत आणि पायरीवर ठेवत, मग आई वरून चहा ओतत असे. कान नसल्यामुळे त्या तो पदराने धरत. उरलेले पाच कप कपाटात पालथे पडलेले असत, आणि दप्तर भरता भरता मी हे रोज पाहत असे.

व्हीटीत आता पेन-पेन्सिली ठेवाव्यात, असे घरात ठरले आहे. आज सकाळी मी त्यातूनच चहा घेतला. ओढणीने धरूनही बोटे भाजली.